पितळेची मूठ, ॲल्युमिनियमचं डोकं

ये गं, पत्रातूनच का होईना, अशी जवळ ये. आणि ते कानातलं काढ आधी. फोनवर बोलताना तुझा अर्धा कान माझ्याकडे असतो आणि अर्धा त्या कॉम्प्युटरकडे, मला काय कळत नाही होय? आणि मला एक सांग, हल्ली तुम्ही सगळं पार्सलनेच का पाठवता? राखी पार्सलने, गुडघ्याचा पट्टा पार्सलने, वाढदिवसाचा केकसुद्धा पार्सलने. पुण्याहून भोपाळ काय लंकेत आहे? रात्री गाडीत बसलं की सकाळी माणूस चहाला घरात.

असो. रागावत नाही. रागवायचं तर मला स्वतःवरच रागवायला हवं. तू आजोबांना पाठवलेल्या त्या रेझरबद्दल मला तीनदा विचारलंस, "आजी, आवडलं का गं त्यांना?" आणि तीनही वेळा मी म्हटलं, "हो हो, छान आहे, रोज त्यानेच करतात." ते खोटं होतं. काय झालं ते फोनवर सांगायला गेले तर तू मधेच "सॉरी सॉरी" करत बसशील. म्हणून लिहूनच काढते. लिहिताना निदान मधे कोणी "हॅलो, आवाज येतोय का" म्हणत नाही.

तुझ्या आजोबांचं जुनं रेझर तू लहानपणी पाहिलं आहेस. मोरीच्या कोनाड्यात असायचं, आणि तू त्याला हात लावलास की घरभर आरडाओरडा. ते पितळेचं. डोकं, म्हणजे पातं धरणारा भाग, बाजारातलं, पण मूठ त्यांनी स्वतः केलेली. कारखान्यात टर्नर होते ना, लेथवर धातू कातायचं काम. लग्नानंतर आम्ही नागपूरहून इथे आलो, क्वार्टर मिळालं, त्याच वर्षी त्यांच्या रेझरची मूठ तुटली. ती जस्ताची होती, वरून चकचकीत मुलामा. मोरीच्या दगडावर पडली आणि गळ्यातच मोडली. हे म्हणाले, "जस्त म्हणजे वरून नवरदेव आणि आतून बिस्कीट." मग बाजारातून पितळेचा एक दांडा आणला आणि जवळच्या सोनागिरी वस्तीत एका ओळखीच्या माणसाच्या छोट्या वर्कशॉपमध्ये, एका रविवारी, कातून मूठ केली. पकड घसरू नये म्हणून तिच्यावर बारीक जाळी पाडली. घरी आणली तेव्हा मी हातात घेतली आणि म्हटलं, "अहो, ही दाढीची मूठ आहे की खलबत्त्याचा बत्ता?"

"जड आहे म्हणूनच चांगली," म्हणाले. "दाबावं लागत नाही. आपण फक्त रस्ता दाखवायचा, काम वजन करतं."

हे वाक्य लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

त्या रेझरने त्यांनी किती वर्षं दाढी केली ते मोजत नाही, तुझी आई तेव्हा झाली नव्हती एवढंच सांगते. रोज, रविवारीसुद्धा. शिफ्ट असो नसो. त्यांचे वडील गेले तेव्हाचे तेरा दिवस सोडले तर मी त्यांना खुंट वाढलेलं कधी पाहिलंच नाही. आधी गरम पाण्याच्या मगात रेझर बुडवून ठेवायचे, म्हणजे थंडीत गालाला गार लागत नाही. पितळ एकदा तापलं की दाढी संपेपर्यंत ऊब धरून राहतं. माझ्या आईच्या घरच्या पितळेच्या पातेल्यात वरण दुपारपर्यंत कोमट राहायचं, तसंच. मग ब्रश, फेस, आणि मग रेझर मगाच्या काठावर ठक ठक. त्या ठकठकीवरून मला स्वयंपाकघरात कळायचं की आज स्वारी कशी आहे. दोनदा वाजलं की ठीक. चारदा वाजलं की आज भाजीत मीठ बघून घालायचं.

निवृत्त झाले तेव्हा सोबतच्या मंडळींनी निरोपाला स्टीलचं रेझर दिलं होतं, मखमलीच्या डबीत. गंजायचं नाही, मुलामा उडायचा नाही, जन्मभराची चीज. यांनी दोन दिवस वापरलं आणि पुसून परत डबीत ठेवलं. वजन चांगलं म्हणाले, पण ओल्या हातातून माशासारखं निसटतं. स्टीलला वंगण नको, गंज नको, आणि माणसाचा हातही नको, असं काहीतरी बोलले. आमच्या घरात धातूंची अशी निंदा नेहमी चालते, तुला माहीतच आहे.

मग गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी कपात. चहा बशीत सांडायला लागला, मी कप अर्धा भरून द्यायला लागले, आणि दोघांनीही त्याबद्दल काही बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, गोळी दिली. गोळीने थोडं कमी होतं, जात नाही. मग दाढीत कापायला लागलं. एखाद दिवशी हनुवटीवर, एखाद दिवशी कानाखाली. तुरटी फिरवायची, त्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवायचा आणि पोहे खायला यायचं. एकदा कपट्यावर अर्धी बातमी वाचता येत होती. मी हसले, हे नाही हसले.

तुझा मामा म्हणाला, विजेवरचं मशीन घ्या. हे म्हणाले, "गालावर गिरणी नको मला." मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानात जात जा, बसल्या बसल्या करून देईल, मालीशही करेल. त्यावर यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. म्हणाले, "मी आजपर्यंत कोणाच्या हाती गळा दिलेला नाही."

आता बघ, चूक कुठे झाली. मला वाटलं, हात दुबळा झालाय आणि रेझर जड आहे. दुबळ्या हाताला हलकी वस्तू द्यावी, हे तर कोणीही सांगेल. माझ्या हाताला सूज आली तेव्हा तूच नाही का म्हणालीस, आजी, लोखंडी तवा सोड आणि हलका घे? मग मीच तुला फोनवर म्हटलं की यांच्यासाठी एखादं हलकं रेझर मिळतं का बघ. तू बिचारीने शोधून शोधून ॲल्युमिनियमचं पाठवलंस. म्हणजे विचार माझाच. पार्सल तेवढं तुझं.

काय सुंदर होतं गं ते! निळसर राखाडी रंग, मऊ, मोत्यासारखी झळाळी. यांनी डबी उघडली, रेझर तळहातावर घेतलं, वर खाली केलं, आणि डबीत परत डोकावून बघितलं.

"काय शोधताय?"

"वजन विसरलेत पाठवायला."

पण खूश झाले होते. नातीने पाठवलं म्हणून चष्मा लावून चारही बाजूंनी बघितलं. "काम सफाईचं आहे," म्हणाले, आणि यांच्या तोंडून हे म्हणजे केवढं मोठं! दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या रेझरने दाढीला बसले. मी ठकठक ऐकायला थांबले. ॲल्युमिनियम काय ठकठकणार! टिकटिक झाली जराशी, आणि मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मी जाऊन बघितलं तर तीन ठिकाणी कापलेलं. गळ्यावर तर चांगलंच. फेस गुलाबी झाला होता. हे आरशात बघत होते, चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

कसं झालं ते मला त्यांनी नंतर समजावलं. रेझर इतकं हलकं की हात थरथरला की तेही सोबत थरथरायचं. आणि वजन नाही म्हणून केस कापले जात नाहीत, म्हणून हे दाबायला गेले. थरथरणाऱ्या हाताने दाबलं की दुसरं काय होणार? पण हे सगळं नंतर. त्या दिवशी फक्त रेझर धुतलं, डबीत ठेवलं आणि म्हणाले, "पुरे आता. फार झाली दाढी."

आणि खरंच सोडली. पितळेचंही हातात घेतलं नाही.

तुला वाटेल, एवढं काय, हल्ली सगळी मुलं दाढी वाढवून फिरतात. त्यांची दाढी हौसेची असते. यांनी दाढीबरोबर बाहेर जाणं सोडलं. आनंद नगरच्या आपल्या गल्लीच्या टोकाला बाग आहे ना, तिथे कारखान्यातल्या जुन्या मंडळींचा बाक आहे. रोज सकाळी दाढी, आंघोळ, पूजा आणि मग बाक, हा क्रम. आता दाढी नाही म्हणून आंघोळ दुपारी, पूजा मी करते, आणि बाक नाहीच. दिवसभर खुर्ची खिडकीकडे पाठ करून. वर्तमानपत्र मांडीवर तसंच. टीव्हीसुद्धा मी लावला तर चालू, नाही तर बंद.

त्यांचा बाकावरचा फिटर दोस्त एके दिवशी फाटकाशी आला. जुन्या भोपाळचा माणूस, त्याची बोली अजून तीच, 'काय राव'ला 'को खां' म्हणायची. बाहेरूनच ओरडला, "को खां! दस दिन से दिख नहीं रिये! भाभी, हिमालय चले गए क्या?"

आतून हे मला हळूच म्हणाले, "सांग, झोपलोय."

मी बाहेर जाऊन सांगितलं, सो रहे हैं. तो खिडकीतून दिसणाऱ्या खुर्चीच्या पाठीकडे आणि तिच्यावरच्या डोक्याकडे बघून म्हणाला, "अच्छा. बैठे-बैठे सो रहे हैं. उठें तो बोलना, बेंच पे उनकी जगह खाली रक्खी है." जाताना त्याने फाटक अगदी हळू लावलं. एरवी तो फाटक आपटल्याशिवाय जात नाही.

मला काळजी दाढीची नव्हती गं. मला दिसत होतं की हा माणूस खुर्चीत असाच बसत गेला तर एक दिवस उठायचंच विसरेल. पण करायचं काय? बोलून उपयोग नव्हता. मी दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कुकर बघायला निघून गेले.

अशात नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. नागपूरला सासरी शेतीची अवजारं पुजायचे, इथे आमच्याकडे यांचं मोजमापाचं व्हर्नियर, मायक्रोमीटर, नट पिळायचे दोन पाने, एक कानस, माझी विळी, शिवणयंत्राची कात्री, आणि सगळ्यात पुढे पितळेचं रेझर. पहिल्या वर्षी मी हसले होते, की अहो, रेझर कुठे हत्यार असतं? म्हणाले, "रोज चालतं, धार आहे, माझ्या हातचं आहे. अजून काय पाहिजे?" तेव्हापासून ते पाटावर पहिलं.

अष्टमीच्या दुपारी मी सगळं घासायला बसले. पितळेला चिंच आणि मीठ. तेल धरलेले पाने आणि कात्री धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात. मनात आलं, तुझं रेझरही ठेवू या पाटावर, पोरीने एवढ्या प्रेमाने पाठवलंय, त्यात अजून साबण आणि थोडं रक्तही वाळलेलं असेल. उघडून तिन्ही तुकडे केले आणि टाकले सोड्यात पान्यांबरोबर. आणि फोन आला. तुझ्या आईचाच होता. तिच्याशी बोलून येते तो पाण्यात बुडबुडे! जसा काही सोडावॉटरचा कारखाना. काढून बघते तर निळा रंग गेलेला, अंगावर काळेपांढरे डाग, कोड फुटल्यासारखे.

आता मला सांग, ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा लावू नये हे मला कळत नाही? क्वार्टर मिळण्याआधी भाड्याच्या खोलीत आमचा अख्खा संसार ॲल्युमिनियमचा होता. पितळ माहेरचं, ॲल्युमिनियम गरजेचं, आणि स्टील पुढे बोनसच्या दिवसांतलं. पण त्या रंगामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही की हे तेच आपलं जुनं पातेलं आहे, नवं लुगडं नेसून आलेलं. मी ते पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि साबुदाण्याच्या डब्यामागे लपवलं. हो, लपवलं. या वयात.

नवमीला सकाळी पाट मांडला. हे खुर्चीतून बघत होते. हळद वाहायला म्हणून उठले, हत्यारांवर नजर फिरवली आणि म्हणाले, "पोरीचं कुठे आहे?"

"कुठलं?"

"निळं."

"ते काय हत्यार आहे? त्याने तर तुम्ही..."

"मला कापलं म्हणून हत्यार नाही? उलट जास्तच आहे. आण."

काय करणार! डब्यामागून फडकं काढलं आणि समोर ठेवलं. त्यांनी उलगडलं. मी स्वतःच बडबडायला लागले, सोडा, फोन, बुडबुडे. हे बघतच राहिले. आणि मग हसायला लागले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. खांदे हलत होते, कंप कुठला आणि हसू कुठलं कळेना.

"ॲल्युमिनियमला सोडा! अगं, जन्मभर त्याच्या पातेल्यात चहा उकळलास!"

"रंगवलेलं होतं ना ते!"

"उद्या मी रंग लावून आलो तर मलाही बुडवशील."

"तुम्ही आधी आंघोळीला तरी जा, मग बघू."

पण ते ऐकत नव्हते. पाटाशीच मांडी घालून बसले होते. चष्मा मागितला. तुकडे हातात घेऊन डागांवर नखाने खरवडत होते. टोपीच्या खाली जो स्क्रू असतो, ज्याच्यावर मूठ पिळून बसवतात, त्याच्या आट्यांवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग हळदीकुंकू लागलेलं पितळेचं रेझर पाटावरून उचललं, त्याचं डोकं पिळून काढलं, आणि ॲल्युमिनियमची टोपी पितळेच्या मुठीत बसवायला लागले.

हात थरथरत होता. स्क्रू भोकाच्या काठावर टकटक आपटायचा आणि निसटायचा. माझे हात पुढे जायला निघाले होते, मी ते पदरात गुंडाळून बसले. अशी वेळ माझ्यावर स्वयंपाकात कधी आली नाही, की समोर होत नाहीये आणि आपण हात लावायचा नाही. शेवटी एकदा लागला. हळूहळू पिळत गेले. "जपून," स्वतःशीच म्हणत होते, "ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात." गेला तळापर्यंत.

मग त्यांनी ते एका बोटावर आडवं तोललं. आधी बोट रेझरच्या गळ्याशी धरलं, तिथे तोल लागेना. सरकवत सरकवत मुठीच्या मधोमध आणलं, तेव्हा थांबलं.

"बघ," म्हणाले. "वजन सगळं हातात आलं. डोक्यात काही नाही."

मला काही समजलं नाही. तेव्हा त्यांनी लेथचं उदाहरण दिलं. म्हणे लेथचा खालचा भाग मुद्दाम जड ओततात, म्हणजे मशीन कितीही फिरलं तरी हादरा वरपर्यंत येत नाही. हलक्या मशीनवर काम केलं की तुकड्यावर लहरी उठतात. जुनं रेझर अख्खं जड, कंप सुटला की त्याचं डोकंही जोराने पडायचं. तुझं अख्खं हलकं, सगळा हादरा थेट गालावर. आता जड ते मुठीत राहील आणि गालावर हलकं फिरेल.

"मग करा ना आत्ता," मी उठलेच, पाणी ठेवायला.

"वेडी आहेस का? आज नवमी. आज हत्यार चालवायचं नाही."

विसरलेच होते. आज पूजा, उद्या दसऱ्याला पहिलं काम. मग दिवसभर त्यांनी बारीक पॉलिश पेपर घेऊन डाग घासले. मी म्हटलं, हे चालतं वाटतं नवमीला? म्हणाले, "ही त्याची आंघोळ आहे, काम नाही." दुपारचं वरण गार झालं तरी घासणं चालू. दोन बोटांत कागद धरून, थांबत, परत घासत. खुर्ची तशीच रिकामी पडली होती, खिडकीकडे पाठ करून.

दसऱ्याला मी लवकर पाणी तापवलं. मोरीच्या दारात पदर खोचून उभी राहिले, काही काम असल्यासारखी. तीन आठवड्यांची दाढी, आधी कात्रीने कमी केली, ती मीच. मग फेस. मग रेझर मगात. एक सांगते, कंप काही गेला नव्हता. हात गालापर्यंत जाताना दिसत होताच. पण गालावर टेकला आणि शांत झाला, म्हणजे पुष्कळ शांत झाला. वरून खाली. धुतलं. परत. उजवा गाल, मग डावा. कुठे लाल नाही. मी पुढे वाकून बघितलं तर आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काय टाकी भरायची वाट बघतेयस तिथे उभी राहून?"

मग हनुवटीच्या खाली आले. डोकं मागे टाकलं, रेझर गळ्याशी नेलं आणि थांबले. हात वर राहिला तसाच, फेस टपकतोय. परत नेलं. परत थांबले. मी गळणारा नळ घट्ट केला. 

मग त्यांनी रेझर उलटं केलं आणि मूठ माझ्याकडे केली.

"इथलं तू कर."

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचं काय काय केलं असेल, पण हे कधी नाही. मूठ हातात घेतली, कोमट होती, अजूनही बत्त्यासारखी जड.  हे स्टुलावर बसले, डोळे मिटले, हनुवटी वर केली.

"दाबू नकोस," म्हणाले.

"माहीत आहे. रस्ता दाखवायचा."

"हां."

झालं. कुठेही कापलं नाही. मी मगाच्या काठावर रेझर आपटलं, दोनदा. त्यांनी डोळे उघडून हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "कानाखाली चार केस ठेवलेस आठवणीला." नाव ठेवल्याशिवाय राहतील तर ते टर्नर कसले!

संध्याकाळी पांढरा सदरा घातला, खिशात आपट्याची पानं घेतली आणि सोनं द्यायला बाकावर गेले. मी गच्चीतून बघत होते. तो फिटर दोस्त उठून उभा राहिला, यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मोठ्याने म्हणाला, "को खां, पहचाना नहीं! कौन साहब हो आप?" मग दोघं बसले. अंधार पडला तरी उठेनात.

तर असं आहे. तेव्हापासून रोज गाल त्यांचे आणि गळा माझा. उरलेली जोडी, म्हणजे जुनं पितळेचं डोकं आणि तुझी हलकी मूठ, तीही त्यांनी एकमेकांना लावून बघितली. म्हणाले, "डोकं जड आणि हात हलका. हे तुझ्या मुलाला दे, शोभेल." मामाला सांगू नकोस.

एक मात्र आहे बाळा. गेल्या आठवड्यात डाव्या गालावरही ते एकदा थांबले. लगेच पुढे गेले, पण थांबले, मी पाहिलं. एक दिवस गालही माझ्याकडे येतील, ते त्यांना माहीत आहे आणि मलाही. त्यात रडण्यासारखं काही नाही, माझा हात आता बसला आहे. पण ते आट्यांचं, तोलाचं, लेथचं सगळं त्यांना तुला स्वतः दाखवायचं आहे, स्वतःच्या हातात रेझर धरून. रोज विचारतात, "पोरगी कधी येतेय?" म्हणून पार्सल नको पाठवूस आता. तूच ये, लवकर ये. रात्रीच्या गाडीत बस, म्हणजे सकाळी दाढीच्या वेळेला पोचशील. मी पाणी जरा जास्तच तापवून ठेवीन.